उसण म्हणता म्हणता

आखाड्यात वाढलेल्या माणसाला आपल्या दुखण्याचे कारण शोधत बसावे लागत नाही; ते त्याच्या जिभेवर तयारच असते. मल्लखांबावरच्या फराऱ्याला हात निसटला, दसरंगात कंबर आवळली गेली, उडी उतरताना टाच गादीच्या कडेवर पडली, असे काहीतरी मागच्या आठ दिवसांत घडलेले असतेच, कारण काहीच न घडलेला आठवडा खेळाडूच्या आयुष्यात येत नाही. पाठ दुखू लागली की तो मागे वळून पाहतो, त्यातला एक प्रसंग उचलतो आणि दुखण्याला चिकटवून मोकळा होतो. आम्ही शिकवणारेही तेच करतो. मुलाने "मामा, पाठ धरली" म्हणायचा अवकाश, "परवा सुईदोऱ्याला घाई केलीस, तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलेले असते. या एका वाक्याने माझ्या सख्ख्या भाच्याचे अकरा आठवडे खाल्ले, आणि ते मी कसे खाऊ दिले हे नीट लिहून काढावे असे गेले वर्षभर मनात आहे.

बडोद्यातल्या मराठी घरांना व्यायामाचे वेड सयाजीराव महाराजांच्या काळापासून आहे. जुम्मादादांचे व्यायाममंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीत देवघरातल्या नावांच्या बरोबरीने घेतली जात. आमचा आखाडा त्या मानाने अगदीच लहान, एका जुन्या वाड्याच्या मागल्या अंगणात पत्र्याखाली भरणारा: एक पुरलेला मल्लखांब, एक टांगता, एक दोराचा आणि कापूस दबून कडक झालेल्या चार गाद्या. दिवसा मी कारकुनी करतो आणि सकाळ-संध्याकाळ तिथे शिकवतो. वैद्यकाचे मला कसलेही शिक्षण नाही, परंतु आखाड्याच्या वस्तादाला अर्धा वैद्य समजण्याची आपल्याकडे रीतच आहे, आणि तो मान मीही कधी नाकारला नव्हता.

भाचा तेव्हा १७ वर्षांचा होता. घरी मला "अरे मामा" म्हणणारा हा मुलगा आखाड्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की "अहो मामा" म्हणू लागतो, एवढी त्याला जागेची जाण. धुळवड होऊन चारच दिवस झाले असतील, तेव्हा त्याने पहिल्यांदा पाठ दुखत असल्याचे सांगितले. दुखणे मधोमध होते, करदोट्याच्या रेषेवर, एका अंगठ्याने झाकता येईल एवढ्या जागेत. मी तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून ते तेल जिरवले, मिठाच्या पुरचुंडीने शेकले आणि "उसण भरली आहे, चार दिवसांत उतरेल" असा निर्वाळा दिला. उसण हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात लचक येते, वात येतो, चमक येते, आणि ज्याचे कारण कळलेले नाही असे सगळे दुखणेही कळल्यासारखे होऊन त्यात जाऊन बसते.

चार दिवसांचे तीन आठवडे झाले तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे निघाला, तो स्वच्छ होता, आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. गोळी घेतली की चार-सहा तास बरे वाटे, त्यामुळे औषध लागू पडते आहे असा सगळ्यांचा समज झाला. त्याच गोळ्या अंगातला बारीक तापही झाकून ठेवतात, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

पुढचे डॉक्टर खेळाडूंच्या दुखापती पाहणारे होते. त्यांनी मुलाला एका पायावर उभे करून मागे झुकायला सांगितले, तो कळवळला, आणि त्यांनी मणक्याच्या मागल्या बाजूला बारीक चीर गेली असावी अशी शंका घेतली. त्या शंकेला मी आजही नावे ठेवणार नाही, कारण ती वयाला आणि खेळाला धरूनच होती. वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट, मल्लखांब करणारी मुले, या सगळ्यांची कंबर हजारो वेळा मागे कमानीसारखी ताणली जाते. मणक्याच्या मागल्या कमानीतला हाडाचा एक अरुंद पूल हा ताण सोसतो आणि वाढत्या वयात सोसता सोसता तडकतो. बहुधा कमरेच्या पाचव्या मणक्यात हे होते, मागे झुकले की दुखते आणि अंगाला आराम दिला की उतरते. डॉक्टरांनी पट्टा दिला, सहा आठवडे खांबाला हात लावायचा नाही असे बजावले, आणि आम्ही एक नाव मिळाल्याच्या समाधानात घरी आलो.

"आराम दिला की उतरते" हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि तरीही मला त्यांचा उलटा अर्थ लावता आला नाही. चौथा आठवडा संपला तेव्हा दुखणे निम्म्यावर यायला हवे होते. ते वाढले होते. यावर मी काय निष्कर्ष काढावा? मुलगा नीट आराम करत नाही, चोरून सराव करतो. मी त्याला तसे चारचौघांत बोललोही. तो काही बोलला नाही, फक्त मान खाली घालून पट्ट्याचे वेल्क्रो उघडत आणि बंद करत राहिला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी घडत होत्या आणि तिन्हींना माझ्याकडे आखाड्यातले उत्तर होते. रात्री त्याचा बनियन आणि उशीचा अभ्रा ओलाचिंब होई, पण बडोद्यात वैशाखात कोणाला घाम येत नाही? वजन चार किलोंनी उतरले होते, पण मल्लखांबाला हलके अंगच चांगले, आणि सराव बंद झाल्यावर स्नायू उतरतातच; मी तर "हलका झालास, परत आलास की उड्या छान बसतील" असे म्हणून गेलो. तिसरी गोष्ट वाटीची. एरंडेलाची पितळी वाटी आमच्याकडे खांबाच्या बुंध्याशी जमिनीवर ठेवलेली असते. इतर मुलांचा सराव पाहायला तो येऊन बसे, तेव्हा एकदा मी त्याला ती वाटी द्यायला सांगितली. तो वाकला नाही. पाठ खांबासारखी सरळ ठेवून, एक हात मांडीवर टेकवून, गुडघ्यांतून सावकाश खाली बसला, वाटी उचलली आणि तसाच मांडीवर हाताने चढत वर आला. मी बाकीच्या पोरांना ओरडून म्हणालो, "बघा, खालची वस्तू कशी उचलायची असते ते! याला म्हणतात शिस्त."

खरे पाहता हे सगळे माझ्या बहिणीच्या ध्यानात आले होते. ताईने शाळेच्या पलीकडे शरीरशास्त्र शिकलेले नाही, पण तिच्या खोलीला लागूनच त्याची खोली आहे आणि पहाटे तीन वाजता गच्चीवर येरझारा घालणाऱ्या मुलाची पावले ती ऐकत होती. एका रविवारी ती मला म्हणाली, "लचक असती तर आडवं झाल्यावर बरं वाटलं असतं ना रे? हा तर आडवा झाला की उठून बसतो. दिवसा दुखतं त्यापेक्षा रात्री जास्त दुखतं, ही कसली लचक?" मी तिला उत्तर दिले असणार, काय दिले ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरेच आहे. तिने माझ्या उत्तराची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

त्या डॉक्टरबाईंनी कोणता खेळ, कोणती उडी, कधी पडला, यांतले काहीही आधी विचारले नाही. झोपल्यावर कसे वाटते, रात्री दुखण्याने जाग येते का, कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो का, संध्याकाळी अंगात कसर वाटते का, भूक कशी आहे, असे विचारत गेल्या. मग पायांकडे वळल्या: टाचांवर चाल, चवड्यांवर चाल, अंगठा वर ओढ, मांडीच्या आतल्या बाजूला कापसाचा स्पर्श कळतो का, लघवीला अडते का. हे आधी का, हे त्यांनी नंतर सांगितले. पायातली ताकद कमी होत असती किंवा लघवी तुंबत असती तर मज्जारज्जूवर किंवा कमरेतल्या नसांच्या जुडग्यावर दाब येत असल्याचा तो इशारा ठरला असता, आणि मग त्याच दिवशी रुग्णालयात भरती करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

नंतर त्याला पालथे झोपवून त्यांनी मानेपासून खाली एकेका मणक्यावर मुठीने हलके ठोकायला सुरुवात केली, आपण कुंभाराकडे माठ घेताना वाजवून पाहतो तसे. पाठीच्या वरच्या मणक्यांपर्यंत तो निवांत होता, बरगड्यांच्या खाली आल्यावर त्याची बोटे चादरीत रुतू लागली, आणि करदोट्याच्या रेषेवर मूठ पडताच तो खाटेवरून वर उचलला गेला. स्नायूची लचक बाजूच्या मांसात दुखते. ही वेदना हाडाच्या आत होती. मग बाईंनी टेबलावरचे पेन सहज खाली पाडल्यासारखे केले आणि त्याला उचलायला सांगितले. तो तसाच, पाठ ताठ ठेवून, मांडीवर हात टेकवत बसला आणि उठला. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "वाकून उचलायचं नाही हे मीच शिकवलंय सगळ्यांना." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. "हे तुम्ही शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याचे स्नायू त्या मणक्याला हलू देत नाहीयेत. लहान मुलांसमोर आम्ही नाणं टाकतो आणि हेच बघतो."

रक्ताचा जो पहिला तपास त्यांनी सांगितला तो गल्लीतल्या कोणत्याही प्रयोगशाळेत थोड्या पैशांत होतो: ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगात कुठे दाह आहे का ते सांगणारे दोन आकडे. पांढऱ्या पेशींची संख्या अगदी नेहमीसारखी आली, पण ईएसआर ५४ होता आणि सीआरपीही वाढलेला होता. लचकलेल्या किंवा चीर गेलेल्या पाठीत हे आकडे सहसा असे चढत नाहीत. अकरा आठवड्यांत हा तपास कोणीही केला नव्हता, कारण खेळाडूच्या पाठीला रक्त तपासण्याची गरज आहे असे कोणाला वाटले नव्हते, आणि त्या कोणामध्ये सर्वांत आधी मी होतो. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा आणि त्यांच्यामधली गादी सुजेने उजळलेल्या दिसत होत्या. मणक्यात जंतुसंसर्ग होता.

आमचा पहिला प्रश्न साहजिक होता: मग एक्स-रे स्वच्छ कसा? बाईंनी सांगितले की हाडातला खनिजाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा झिजल्याखेरीज एक्स-रेवर फरक उमटत नाही, आणि त्याला काही आठवडे लागतात, क्षयासारख्या सावकाश आजारात त्याहूनही जास्त. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात काढलेला स्वच्छ एक्स-रे हाड मोडलेले नाही एवढेच सांगत होता. संसर्ग नाही असे त्याने कधी म्हटलेच नव्हते. दुसरा प्रश्न ताईचा होता: पाठीला कुठे जखम नाही, सुई टोचलेली नाही, मग जंतू आत शिरले कुठून? ते रक्तातून येतात. मणक्याचे हाड आतून जाळीदार असते, त्यात रक्त भरपूर खेळते, आणि गादीला लागून असलेल्या कडेपाशी अगदी बारीक रक्तवाहिन्यांत त्याचा वेग मंदावतो. वाहत आलेल्या जंतूला मुक्काम करायला ती जागा मानवते. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, त्यामुळे कडेवरून जंतू तिच्यात उतरले की शरीराचा बचाव तिथे उशिरा पोहोचतो, आणि औषधही.

हे रक्तात येणारे जंतू कुठूनही येऊ शकतात. आखाड्यांच्या बाबतीत मला त्वचेची चिंता वाटू लागली आहे. खांबावर घासून मांड्यांची आणि बगलेजवळची कातडी सोलवटते, त्यात केसतोड होतात, एकाच टॉवेलाने चार जण अंग पुसतात, आणि पिकलेला केसतोड वस्तादच दाबून मोकळा करतो. मीही वर्षानुवर्षे केला. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू अशा फोडांत नेहमी आढळतो आणि मणक्याच्या पू करणाऱ्या संसर्गांत तोच सर्वांत अधिक वेळा सापडतो. भाच्याच्या अंगावर मात्र त्या वर्षी फोड झालेला नव्हता.

आपल्या देशात मणक्याचा संसर्ग म्हटले की क्षय, असे समीकरण आहे आणि ते उगाच नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय हाडात शिरतो तेव्हा त्याचे सर्वांत आवडते ठिकाण पाठीचा कणा असते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध १७७९ मध्येच लिहून ठेवला. त्यामागचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला. एमआरआयचा अहवाल वाचून आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांनी, त्यात एक डॉक्टरही होते, सल्ला दिला की वेळ दवडू नका, टीबीची औषधे सुरू करून टाका. डॉक्टरबाई मात्र अडून बसल्या. मुलाच्या पायात ताकद आहे, अंगात मोठा ताप नाही, तेव्हा चार दिवस थांबून आधी सुईने मणक्यातला तुकडा काढायचा, रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवायचे, आणि जंतू कोण ते कळल्यावरच औषध ठरवायचे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मधल्या दिवसांत त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"हा कच्चं दूध पितो का?"

पीत होता. मी पाजत होतो. विश्वामित्री नदीच्या पलीकडे एका भरवाडाचा, म्हणजे गवळ्याचा, गोठा आहे. तिथे पहाटे पाच वाजता सायकलने जायचे, म्हशीच्या कासेखालून निघालेले फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध पितळी पेल्याने उभ्यानेच प्यायचे आणि तसेच खांबावर यायचे, हा आमच्या घराण्याचा आचार. आजोबांनी तो मला लावला, मी भाच्याला. उकळले की दुधातला जोर जातो, हे वाक्य मी त्याला इतक्या वेळा ऐकवले होते की डॉक्टरबाईंसमोर त्याने तेच उत्तरादाखल म्हणून दाखवले.

बाईंनी ब्रुसेला या जंतूचे नाव घेतले. गाई, म्हशी, शेळ्या यांना हा रोग होतो, त्यात जनावर गाभडते, म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ टाकते, आणि न उकळलेल्या दुधातून किंवा वार, रक्त, पाडस हाताळताना तो माणसात येतो. ताप चढउतार करत राहतो, घाम दरदरून सुटतो, सांधे धरतात, आणि पाठीत शिरला तर बहुधा कमरेच्या मणक्यांत, त्यातही चौथ्याच्या आसपास. याच्या वयात तो माकडहाडाशेजारच्या सांध्यात जास्त दिसतो, पण मणक्यात येत नाही असे नाही, असेही त्या म्हणाल्या. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश शिपायांना हाच ताप छळत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये जंतूची ओळख पटवली, पण तो येतो कुठून हे थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टीज डॉक्टरने १९०५ मध्ये शेळ्यांचे रक्त तपासले तेव्हा उलगडले. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. पुढच्या वर्षी शिपायांचे शेळीचे दूध बंद केले आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. हे सगळे ऐकताना मला आमचा भरवाड आठवत होता, त्याच्या म्हशीही काळ्याभोर, चकचकीत, बघत राहाव्यात अशा होत्या.

मी त्याच संध्याकाळी गोठ्यावर गेलो. गेल्या वर्षी एखादी म्हैस गाभडली होती का, असे विचारताच त्याने दोन बोटे वर केली. पावसाळ्यात दोन म्हशींनी सातव्या-आठव्या महिन्यात टाकले होते. त्याने दृष्ट काढली होती, लिंबू-मिरची बांधली होती, आणि दूध देत राहिला होता. त्याला तरी काय म्हणणार? २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस टोचतात, हे मलाही नंतरच कळले. तो मात्र स्वतःच्या घरी चहासाठी दूध उकळूनच वापरत होता. कच्चे पिणारे आम्हीच, शहरातले पहिलवान.

प्रयोगशाळेच्या कागदावर बाईंनी लाल शाईने ब्रुसेलाची शंका असल्याचे लिहिले, कारण हा जंतू नमुना हाताळणाऱ्यालाही लागू शकतो आणि कल्चरमध्ये सावकाश वाढतो, तेव्हा नमुना लवकर फेकून देऊ नये असाही त्यामागे हेतू होता. तुकड्यातली टीबीची जनुकीय चाचणी नकारार्थी आली. ब्रुसेलाची रक्तचाचणी रक्तद्रव किती पट पातळ करूनही लागते त्यावर मोजतात, आणि १:१६० पासून ती अर्थपूर्ण मानतात. भाच्याची १:६४० होती. आठवड्याभराने रक्ताच्या कल्चरमध्येही तोच उगवला.

बाई कशासाठी अडून बसल्या होत्या, ते तेव्हा मला पुरते कळले. टीबीवरच्या औषधांतले रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालते, म्हणजे अंदाजाने टीबीची औषधे सुरू केली असती तर त्याला थोडे बरे वाटले असते, आम्ही निदान बरोबर ठरले म्हणून खूष झालो असतो, आणि वर्षभर चुकीच्या आजाराचा इलाज करून अर्धवट दबलेला जंतू पुन्हा उसळला असता. थोडे बरे वाटणे हा केवढा मोठा चकवा असू शकतो, हे मी पेनकिलरच्या वेळी एकदा पाहिलेच होते.

उपचार तीन महिने चालले: डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सुरुवातीचे काही दिवस रोज एक इंजेक्शन. लघवी केशरी झाल्यावर मुलगा घाबरला, ते औषधाचे आहे हे सांगायला मी विसरलो होतो. तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा रात्रभर झोपला आणि ताईने सकाळी सहा वाजता मला फोन करून तेवढेच सांगितले. ईएसआर महिन्या-महिन्याला उतरत गेला. दुसरा एमआरआय पाहून मी खट्टू झालो होतो, कारण चित्र फारसे बदललेले दिसत नव्हते; बाई म्हणाल्या की चित्र माणसाच्या मागून चालते, मुलाकडे बघा. आखाड्यातल्या ज्या सात जणांनी त्या गोठ्याचे दूध प्यायले होते त्या सर्वांची, माझ्यासकट, रक्ततपासणी झाली. कोणात काही निघाले नाही. आता पेला तोच आहे, दूध उकळलेले असते, आणि पोरे त्यात जोर कमी पडल्याची तक्रार करत नाहीत.

सगळ्याच पाठदुख्यांमागे आता मला जंतू दिसतात असे नाही. मुलांच्या पाठी आजही दुखतात आणि बहुतेकांच्या चार दिवसांच्या आरामाने उतरतात, त्यांना मी तेलच लावतो. एकाची पाठ सकाळी ताठर असे आणि सरावाने मोकळी होई, त्याचे दुखणे संधिवाताच्या जातीचे निघाले. बदल एवढाच की कोणती उडी चुकली हे मी आता शेवटी विचारतो.

भाचा दिवाळीनंतर आखाड्यात परतला. उड्या नाहीत, मागची कमान नाही, फक्त सलामी आणि साधी पकड, एवढीच परवानगी होती. पहिल्या संध्याकाळी मी खांब पुसत होतो आणि सवयीने म्हणालो, "वाटी दे रे." तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होता. बोलता बोलताच, माझ्याकडे न पाहता, गुडघे न वाकवता, कमरेतून सपशेल खाली झुकला, पाठ धनुष्यासारखी गोल करून एका हाताने वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. तीस वर्षे मी असे वाकणाऱ्या पोरांच्या पाठीत रट्टे घातले आहेत. वाटी घेताना थोडे एरंडेल माझ्या हातावर सांडले. बाकीची मुले माझ्या ओरडण्याची वाट पाहत थांबली होती.